गोळा झालेलं जळण: देशाच्या ऊर्जेत जैवऊर्जेचं काम काय?

थंडीच्या दिवसांत कोल्हापूर भागातल्या एखाद्या गुऱ्हाळावर गेलात, तर काहिलीकडे जाण्याआधी जरा मागच्या बाजूला जा. तिथे जमिनीत खोदलेलं चुलवाण असतं आणि एक गडी त्याच्या तोंडाशी बसून वाळलेली चिपाडं आत सारत असतो. सतत, थोडी थोडी. जाळ कमी पडला तर रस आटत नाही, जास्त झाला तर गूळ करपतो. ही चिपाडं म्हणजे काल-परवा गाळलेल्या उसाचाच चोथा. चरकातून निघाला, उन्हात पसरला, वाळला की चुलवाणात. गुऱ्हाळवाला बाहेरून कोळसा आणत नाही. रस आटवायला लागणारं जळण रसाबरोबरच त्याच्या दारात आलेलं असतं.

जैवऊर्जा म्हणजे काय, हे समजून घ्यायला याहून चांगली जागा मला माहीत नाही. पानांनी सूर्यप्रकाश घेतला, हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतला, मुळांनी पाणी दिलं आणि त्यातून साखर, तंतू, लाकूड, दाणा तयार झाला. म्हणजे ऊन साठवलं गेलं. तो साठा जाळा, कुजवून वायू करा किंवा आंबवून अल्कोहोल काढा, बाहेर येते ती तीच उन्हाची ऊर्जा. लाकूड, शेण, भाताचं तूस, कापसाच्या पऱ्हाट्या, हॉटेलातलं उरलेलं अन्न, उसाचं बगॅस (कारखान्यातला चोथा), मोलॅसिस (साखर काढून उरलेला काळा द्रव), सांडपाण्यातला गाळ हे सगळं याच घरातलं.

सौरऊर्जा आणि पवनऊर्जेबद्दल आपण रोज वाचतो. जैवऊर्जेचं नाव बातम्यांत येतं ते बहुतेक वेळा इथेनॉलमुळे, आणि तेही भांडणाच्या सुरात. पण आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या हिशेबाप्रमाणे, धुराची पारंपरिक चूल वगळूनसुद्धा, जगातल्या एकूण नवीकरणीय ऊर्जेपैकी सुमारे 55 टक्के ऊर्जा जैविक पदार्थांतून येते. सूर्य, वारा आणि पाणी एकत्र केले तरी कमी भरतात. पहिल्यांदा ऐकलं की हे खरं वाटत नाही, कारण ऊर्जा म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे फक्त वीज येते. पण कारखान्यातली वाफ, घर तापवणं, स्वयंपाक आणि गाड्यांचं इंधन ही सगळी ऊर्जाच आहे, आणि जगात विजेपेक्षा तिचाच खप मोठा आहे.

भारतात विजेपुरतं बघितलं तर चित्र अगदी वेगळं दिसतं. जैवऊर्जेची स्थापित क्षमता 11 हजार मेगावॉटच्या आसपास आहे. त्यातली बहुतेक साखर कारखान्यांच्या बगॅसवरची आणि उरलेली बरीचशी तूस, पऱ्हाट्या असल्या शेतातल्या काडीकचऱ्यावरची. सौरऊर्जेने जानेवारी 2025 मध्येच एक लाख मेगावॉटचा टप्पा ओलांडला. देशात तयार होणाऱ्या एकूण विजेत जैवऊर्जेचा वाटा एक टक्क्याच्या जवळपासच घुटमळतो. मग एवढ्या लहान वाट्यासाठी एवढं का बोलायचं? कारण ही ऊर्जा अशी काही कामं करते जी सौर पॅनेलला जमत नाहीत. आणि चुकीच्या ठिकाणी वापरली तर पाणी, जमीन आणि धान्य यांचं नुकसानही तीच करते. कुठे बरोबर, कुठे चूक, हे ओळखायची माझी एक साधी कसोटी आहे: जळण आधीच एका जागी गोळा झालेलं आहे का? गुऱ्हाळावर ते गोळा झालेलं असतं, तिथे प्रश्नच येत नाही.

एक टन उसाचा हिशेब

साखर कारखाना म्हणजे मोठं गुऱ्हाळच. महाराष्ट्रातला पहिला सहकारी साखर कारखाना विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरानगरला उभा केला. त्याचा पहिला गाळप हंगाम 1950-51 चा. त्या काळातल्या कारखान्यांत बगॅस ही अडचण होती. टनभर ऊस गाळला की साखर निघायची शंभर-एकशेदहा किलो आणि चोथा उरायचा पावणेतीनशे-तीनशे किलो. ठेवायला जागा नाही, शिवाय ढीग आतून तापून पेट घेण्याची भीती. म्हणून बॉयलर असे बसवलेले असत की हंगाम संपेपर्यंत चोथाही संपला पाहिजे. कमी दाबाचे, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला साधारण 21 किलोचे. जळण वाया जातंय याची चिंता कोणाला नव्हती, ते संपत नाही याची होती.

पुढे कोणीतरी उलटा विचार केला. तेच बगॅस जास्त दाबाच्या बॉयलरमध्ये जाळलं तर? 67, 87, आता 110 किलो दाबाचे बॉयलर आले. बगॅसमध्ये निम्मं पाणीच असतं, तरीही एक किलो बगॅस दोन-सव्वादोन किलो वाफ देतं. पाचशे अंशांच्या पलीकडे तापलेली ही वाफ आधी टर्बाइन फिरवते. तिथे तिचा जोर उतरतो, पण उष्णता शिल्लक असते. ती उतरलेली वाफ मग रस तापवायला आणि आटवायला जाते. यालाच सहवीजनिर्मिती म्हणतात. कारखान्यातली माणसं नुसतं ‘को-जन’ म्हणतात.

या व्यवस्थेचं मोल कशात आहे ते कोळशाच्या वीज केंद्राशी ताडून बघा. तिथे टर्बाइनमधून बाहेर पडलेली वाफ थंड करावी लागते आणि कोळशातली निम्म्याहून जास्त उष्णता थंड करणाऱ्या पाण्याबरोबर आणि चिमणीतून निघून जाते. साखर कारखान्याला तीच उष्णता हवी असते. रस आटवणं थांबत नाही तोवर तिथे वाफेला काम आहे. वाफ दोनदा राबते.

नव्या, जास्त दाबाच्या संयंत्रात टनभर उसामागे साधारण 120 ते 130 युनिट वीज तयार होते. तीस-चाळीस युनिट कारखाना स्वतः खातो, ऐंशी-नव्वद युनिट महावितरणच्या तारांवर चढतात. महिन्याला शंभर युनिट वापरणारं घर धरा. एका ट्रॅक्टरला जोडलेल्या दोन ट्रॉल्यांमधून वीसेक टन ऊस गव्हाणीत पडला, की त्यातून सतरा-अठरा घरांची महिन्याभराची वीज निघाली. साखर वेगळी, मोलॅसिस वेगळं.

गाळप दिवाळीच्या आसपास सुरू होतं आणि मार्च-एप्रिलपर्यंत चालतं. चोवीस तास. हिवाळ्यात सूर्य लवकर मावळतो, संध्याकाळी सहा ते दहा घराघरांत दिवे-टीव्ही चालू असतात, आणि ज्या गावांना रब्बीसाठी रात्रीची वीज मिळते तिथले शेतकरी त्यानंतर मोटर चालू करायला निघतात. सौर पॅनेल तेव्हा झोपलेले असतात. को-जनची वीज त्या वेळी येतच असते. महाराष्ट्र, उत्तर प्रदेश आणि कर्नाटक ही तीन ऊसवाली राज्यं या विजेत पुढे आहेत, हे सांगायला नकोच.

अडचण दराची आहे. सौर विजेचे लिलाव युनिटला अडीच रुपयांच्या आसपास उतरतात. बगॅसच्या विजेला त्याच्या जवळजवळ दुप्पट दर लागतो, तेव्हा बँकेचं कर्ज फिटतं. जुने वीज खरेदी करार संपले आणि नव्याने कमी दराची बोली लावायची वेळ आली, तेव्हा कारखान्यांची कुरकुर सुरू झाली. मला त्यांचं म्हणणं बऱ्याच अंशी पटतं. दुपारी बाराला मिळालेलं युनिट आणि रात्री आठला मिळालेलं युनिट एकाच तराजूत तोलणं चूक आहे. रात्रीच्या युनिटला रात्रीचा भाव द्यायला हवा. मात्र त्याच न्यायाने कारखान्यांनीही थोडं बगॅस राखून ठेवून, हवी त्या वेळी जास्त वीज द्यायची तयारी दाखवायला हवी. आज बहुतेक ठिकाणी गाळप जसं चालेल तशी वीज येते.

मग विजेसाठी आणखी ऊस लावावा का? अजिबात नको. एकराचा हिशेब करू. एकरी चाळीस टन ऊस धरला, तरी तारेवर जाणारी वीज वर्षाला साडेतीन हजार युनिटच्या आत-बाहेर. त्याच एका एकरावर सौर पॅनेल बसवले तर तीन लाखांहून जास्त युनिट. जवळजवळ शंभरपट! झाडाची पानं अंगावर पडलेल्या उन्हातला शेकडा एखादा भागच साठवतात, ऊस फार तर त्याहून थोडा पुढे जातो. आताचे सौर पॅनेल शेकडा वीसेक भागाची वीज करतात. नुसती वीज हवी असेल तर पीक घेऊन ती करणं हा आतबट्ट्याचा व्यवहार आहे. बगॅसची वीज परवडते, कारण ऊस साखरेसाठी आधीच लावलेला, तोडलेला, वाहून आणलेला आणि गाळलेला असतो. सगळा खर्च साखरेच्या नावावर पडलेला असतो.

पऱ्हाट्या शेतात आहेत, बॉयलर तालुक्याला

आता विदर्भात चला. कापसाची शेवटची वेचणी झाली की शेतात उरतात पऱ्हाट्या. तुरीच्या तुराट्या असतात, भंडारा-गोंदियाकडे भाताचं तूस आणि तणस. केंद्राच्या नवीन आणि नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाच्या अंदाजानुसार देशात दरवर्षी सुमारे 75 कोटी टन जैविक पदार्थ निघतो आणि चारा, खत, सरपण यांत वापरून त्यातला 23 कोटी टनांच्या जवळपास शिल्लक राहतो. त्यातून 28 हजार मेगावॉट वीज होऊ शकेल असं मंत्रालय म्हणतं. कागदावर हा आकडा फार देखणा दिसतो.

प्रत्यक्षात दहा मेगावॉटचं एक संयंत्र घ्या. ते वर्षभर चालवायचं तर ऐंशी-नव्वद हजार टन काडीकचरा लागेल. हेक्टरी दोन-अडीच टन पऱ्हाट्या मिळाल्या, तर पस्तीस-चाळीस हजार हेक्टरांवर फिरायला हवं. हजारो शेतकरी, प्रत्येकाचं रान वेगळं, रस्ता वेगळा. पऱ्हाट्या हलक्या आणि आडव्यातिडव्या. ट्रॉली शिगोशीग भरलेली दिसते, पण काट्यावर नेली तर दीड-दोन टनही भरत नाही. आणि हे सगळं गोळा करायला मिळतात दोन-तीन महिने. त्यानंतर पावसाळा, म्हणजे ताडपत्री, शेड, चौकीदार, आगीचा विमा. जळण फुकट असतं ते शेताच्या बांधावर. बॉयलरच्या दारात पोचेपर्यंत त्याचा भाव कोळशाशी स्पर्धा करू लागतो.

आणखी एक गंमतीचा वाटेल पण संयंत्रांच्या जिवावर उठलेला प्रकार. भाताचं तूस जोवर कोणी विचारत नव्हतं तोवर गिरणीवाला ते उचलून नेणाऱ्याचे आभार मानायचा. दोन-चार बॉयलर त्यावर चालू लागले, वीटभट्ट्या आणि इतर कारखानेही मागू लागले, आणि तुसाचा भाव असा चढला की विजेच्या ठरलेल्या दरात गणित बसेना. देशभरात अशी कित्येक संयंत्रं उभी राहून बंद पडली.

पंजाब-हरियाणातला पराळीचा, म्हणजे भाताच्या पेंढ्याचा, धूर दरवर्षी टीव्हीवर दिसतो. त्याच्याही मुळाशी गोळा करण्याचाच प्रश्न आहे. भात कापणी आणि गव्हाची पेरणी यांच्यामध्ये शेतकऱ्याकडे तीन आठवडे असतात. त्या तीन आठवड्यांत शेत रिकामं करायला सगळ्यात स्वस्त साधन म्हणजे आगपेटी. ऑगस्ट 2022 मध्ये पानिपतला इंडियन ऑइलचा इथेनॉल प्रकल्प देशाला अर्पण झाला. वर्षाला दोन लाख टन पराळीतून तीन कोटी लिटर इथेनॉल, अशी त्याची योजना. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पंजाबातल्या लेहरागागाजवळ पराळीपासून वायू करणारा मोठा प्रकल्प सुरू झाला. या प्रकल्पांना रसायनशास्त्राइतकीच काळजी करावी लागते ती पेंढ्याच्या गाठी बांधणाऱ्या बेलर यंत्रांची आणि गंजी रचायला लागणाऱ्या जागेची.

मग पऱ्हाट्यांचं काहीच होणार नाही का? होईल, पण लहान अंतरावर. नागपूरला केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेच्या केंद्रात पऱ्हाट्यांचे तुकडे करून, दाबून त्यांच्या कांड्या करण्यावर बरंच काम झालं आहे. या ब्रिकेटना बाजारात ‘पांढरा कोळसा’ म्हणतात. गावापासून पंधरा-वीस किलोमीटरच्या आत तुकडे करायचं यंत्र असलं की वाहतुकीचा निम्मा त्रास संपतो. हा पांढरा कोळसा वीज करायला वापरण्यापेक्षा कापडगिरणी, दूध प्रकल्प, फरसाणाचा कारखाना यांच्या बॉयलरमध्ये जास्त शोभतो. त्यांना हवी असते उष्णता, आणि सौर पॅनेलची वीज करून तिची पुन्हा वाफ करणं त्यांना परवडत नाही. औष्णिक वीज केंद्रांनी कोळशात पाच टक्के जैविक गोळ्या मिसळाव्यात असंही धोरण केंद्राने ऑक्टोबर 2021 मध्ये आणलं. चालू बॉयलरमध्येच जळण बदलायचं असल्याने यात नवी यंत्रं फारशी लागत नाहीत, ही त्याची जमेची बाजू.

टाकी वर आली की चहा

आमच्या आजोळी परसात गोबर गॅस होता. लोखंडी टाकीचा, खादी ग्रामोद्योग पद्धतीचा. सकाळी आजी शेण आणि तेवढंच पाणी कुंडीत कालवायची, त्यातले खडे-काड्या हाताने वेचून बाहेर टाकायची आणि बोळा काढायची. रात्रभरात टाकी वर आलेली असायची. स्वयंपाक होता होता ती खाली बसायची. गॅस किती उरलाय ते आम्ही मुलं टाकीच्या उंचीवरून सांगायचो, ‘आजी, अजून दोन वीत आहे.’ डिसेंबरात मात्र टाकी जेमतेम वर यायची आणि पाहुणे आले की लाकडाची चूल पेटवावी लागायची. हे का होतं ते मला खूप पुढे कळलं. आतले जिवाणू पस्तीस अंशांच्या आसपास खुशीत असतात. थंडी पडली की त्यांचं काम मंदावतं.

हे जिवाणू हवा नसलेल्या जागी शेण खातात आणि मिथेन सोडतात. तयार होणाऱ्या वायूत 55 ते 65 टक्के मिथेन, बाकी बहुतेक कार्बन डायऑक्साइड, आणि सडक्या अंड्याच्या वासाचा थोडा हायड्रोजन सल्फाइड. साधारण 25 किलो शेणातून एक घनमीटर वायू मिळतो. दोन घनमीटरच्या संयंत्राला चार-पाच जनावरं पुरतात आणि त्यातून महिन्याला पावणेदोन सिलिंडरइतकं जळण निघतं. शिवाय स्लरी, म्हणजे वायू निघाल्यावर उरलेला पातळ शेणकाला. शेणातला नत्र तसाच राहतो, फक्त कार्बन वायू होऊन निघून जातो, म्हणून स्लरी शेणखताहून लवकर लागू पडते. आजोबा गॅसपेक्षा स्लरीचंच कौतुक जास्त करायचे.

या कामात आपल्याकडे मोठी परंपरा आहे. मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठधामात 1897 मध्येच मैल्याच्या टाक्यांतला वायू पकडून त्यावर इंजिन चालवलं गेलं होतं. देहूला डॉ. सुहास मापुसकर यांनी संडासाला जोडलेलं ‘मलप्रभा’ संयंत्र विकसित करून गावोगाव पोचवलं. त्यांना 2017 मध्ये मरणोत्तर पद्मश्री मिळाली. पुण्यात डॉ. आनंद कर्वे यांच्या आरती संस्थेने तर शेणाचा आग्रहच सोडला. स्टार्च आणि साखर असलेला ओला कचरा जिवाणूंना शेणापेक्षा कितीतरी लवकर पचतो, कारण शेण हे जनावराने एकदा पचवून टाकलेलंच असतं. गच्चीवर मावेल एवढ्या त्या संयंत्राला 2006 चा ॲश्डेन पुरस्कार मिळाला. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात डॉ. शरद काळे यांनी ‘निसर्गऋण’ हे संयंत्र तयार केलं.

एवढं असून घरगुती गोबर गॅस मागे का पडला? लोखंडी टाकी गंजते, आणि गंजलेली टाकी दुरुस्त करणारा माणूस गावात नसतो. गोठ्यातली जनावरं कमी झाली. सिलिंडर घरपोच मिळू लागला. आमच्या आजोळचा गॅसही टाकीला भोक पडून बंद झाला. ती बदलायला जेवढे पैसे लागत होते तेवढ्यात वर्षभराचे सिलिंडर येत होते. तरीही 2019 ते 21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या ग्रामीण घरांपैकी निम्म्याहून जास्त घरांत स्वयंपाक लाकूड, गोवऱ्या, काडीकचरा यांवरच होत होता. जैवऊर्जेचा हा सगळ्यात जुना आणि सगळ्यात वाईट वापर. धूर बाईच्या छातीत जातो आणि जळणातली बहुतेक उष्णता भांड्याच्या कडेने निघून जाते. त्याच गोवऱ्यांचं शेण संयंत्रात गेलं तर जाळ निळा मिळतो आणि खतही हातचं जात नाही.

आता सरकारचा जोर मोठ्या प्रकल्पांवर आहे. बायोगॅसमधला कार्बन डायऑक्साइड आणि गंधकाचा वायू काढून टाकला, मिथेन नव्वद टक्क्यांच्या वर नेला आणि दाब दिला, की तो सीएनजीसारखाच गाडीत भरता येतो. याला संपीडित बायोगॅस, सीबीजी म्हणतात. ऑक्टोबर 2018 मध्ये ‘सतत’ योजना आली. 2023-24 पर्यंत पाच हजार प्रकल्प, असं उद्दिष्ट होतं. मुदत संपली तेव्हा शंभरही पूर्ण झाले नव्हते. कारणं तीच: रोज एकसारखा माल मिळत नाही आणि उरलेलं खत विकलं जात नाही. आता शहरांत गॅस पुरवणाऱ्या कंपन्यांना ठरावीक हिस्सा सीबीजीचा घेणं बंधनकारक केलं आहे. 2025-26 मध्ये एक टक्का, आणि 2028-29 पासून पाच टक्के. गिऱ्हाईक पक्कं झालं, मालाचा प्रश्न तसाच आहे.

तो प्रश्न सोडवलेलं एक शहर आहे. इंदूरमध्ये फेब्रुवारी 2022 मध्ये रोज 550 टन ओला कचरा घेऊन 17 टन सीबीजी करणारा प्रकल्प सुरू झाला. तिथे यंत्रं काही जगावेगळी नाहीत. जगावेगळं एवढंच, की ओला कचरा घरातूनच वेगळा निघतो. प्लास्टिक, काच, बॅटरी मिसळलेला कचरा जिवाणूंच्या पोटात घातला तर ते मरतात. कुठल्याही शहराने असा प्रकल्प जाहीर केला की मी मेगावॉट विचारत नाही. घंटागाडीत किती डबे आहेत आणि दोन्ही डब्यांतलं शेवटी एकाच ढिगात तर ओतत नाहीत ना, हे विचारतो.

इथेनॉलचं पाणी

पेट्रोलमध्ये पाच टक्के इथेनॉल मिसळायचं काम आपल्याकडे 2003 मध्ये महाराष्ट्रासह नऊ राज्यांत सुरू झालं. दहा वर्षांनी, 2013-14 मध्ये देशाची सरासरी कशीबशी दीड टक्का होती. मग वेग आला. जून 2022 मध्ये दहा टक्के आणि 2025 मध्ये वीस टक्के, मूळ उद्दिष्टाच्या पाच वर्षं आधी. लागणाऱ्या खनिज तेलातलं 85 टक्क्यांहून जास्त आयात करणाऱ्या देशाला हे महत्त्वाचं होतं, आणि कारखान्यांना साखरेच्या भावाखेरीज दुसरा आधार मिळून उसाची बिलं वेळेवर निघायला मदत झाली. हे श्रेय द्यायलाच हवं.

गाडीवाल्यांची तक्रारही खरी आहे. लिटरभर इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. पाच भागांत एक भाग इथेनॉल, म्हणजे शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत लिटरमागे सहा-सात टक्के ऊर्जा कमी. इंजिन त्यासाठी जुळवलेलं असेल तर फरक बराच भरून निघतो, जुन्या गाडीत जाणवतो.

पण माझी काळजी वेगळी आहे. मोलॅसिसपासून केलेलं इथेनॉल म्हणजे उरलेल्या मालाचं सोनं. साखर काढून झाल्यावरचा काळा चिकट द्रव, दुसरं काम फारसं नाही. थेट उसाच्या रसापासून इथेनॉल केलं की ती उरलेली वस्तू राहत नाही, ते पीकच इंधनासाठी झालं. नीती आयोगाच्या 2021 च्या अहवालातच हिशेब दिला आहे: उसापासून केलेल्या एक लिटर इथेनॉलमागे सुमारे 2,860 लिटर पाणी. ब्राझीलने 1975 मध्ये इथेनॉलचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला आणि त्याचं उदाहरण आपल्याकडे नेहमी दिलं जातं. पण साओ पावलोचा बहुतेक ऊस पावसावर वाढतो. आपल्याकडे तो कालव्यावर, उपशावर आणि मराठवाड्यात बोअरवर वाढतो. एकच पीक, पण त्याचा हिशेब दोन देशांत एक नाही.

डिसेंबर 2023 मध्ये पाऊस कमी झाल्याने साखर कमी पडेल म्हणून केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर बंधनं आणली. कर्ज काढून डिस्टिलरी उभारलेले कारखाने एका रात्रीत अडचणीत आले. तेल कंपन्यांना इथेनॉल तर हवंच होतं, मग मागणी मक्याकडे वळली. मक्याचा भाव वाढला, शेतकऱ्याला चार पैसे मिळाले, पण कोंबडीखाद्य महागलं, आणि एरवी मका निर्यात करणाऱ्या देशाला तो बाहेरून आणावा लागला. माणसाच्या ताटातून किंवा कोंबडीच्या भांड्यातून उचललेलं इंधन असं कुठेतरी दुसरीकडे टंचाई करतं.

कार्बनचं काय, हा प्रश्न हमखास येतो. ऊस जाळला किंवा आंबवला की निघणारा कार्बन डायऑक्साइड त्याने बारा ते अठरा महिन्यांपूर्वी हवेतूनच घेतलेला असतो, आणि पुढचं पीक तो परत घेतं. या अर्थी खातं जमा-खर्च बरोबरीचं. पण उसाला दिलेल्या युरियामागे नैसर्गिक वायू आहे, उपशाच्या मोटरीमागे कोळसा आहे, वाहतुकीमागे डिझेल आहे. बायोगॅसच्या टाकीतून मिथेन गळला तर तो शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या अठ्ठावीसपट तापदायक. आणि चाळीस वर्षांचं झाड तोडून जाळलं तर ते खातं भरायला पुन्हा चाळीस वर्षं लागतात. शेण, मोलॅसिस, ओला कचरा यांची बाजू इथेही भक्कम ठरते. कचरा डेपोवर तो कुजणारच होता आणि मिथेन फुकट हवेत जाणारच होता.

दुचाकी आणि मोटारी हळूहळू विजेवर जातील. विमानं इतक्यात जाणार नाहीत, बॅटरीचं वजनच त्यांना झेपत नाही. मे 2023 मध्ये पुण्याहून दिल्लीला एक प्रवासी विमान गेलं, त्याच्या इंधनात देशातच तयार केलेलं जैवइंधन थोड्या प्रमाणात मिसळलेलं होतं. त्यामागे पुण्याचीच प्राज इंडस्ट्रीज होती. आंतरराष्ट्रीय उड्डाणांसाठी 2027 पासून एक टक्का आणि 2030 पर्यंत पाच टक्के असं मिश्रण करायचं ठरलं आहे. मोटारीतून मोकळं होणारं इथेनॉल उद्या इकडे वळवता येईल, म्हणून आज उभ्या असलेल्या डिस्टिलऱ्या वाया जातील असं मला वाटत नाही. नव्या, रसावर चालणाऱ्या डिस्टिलऱ्या पाण्याच्या तुटीच्या तालुक्यात बांधणं मात्र थांबवायला हवं.

आता एक नवीन मागणी आमच्या भागातही पोचली आहे. ऊस तुटून गेला की रानात पाचट उरतं, हेक्टरी आठ-दहा टन. बरेच जण ते पेटवून देतात. हल्ली बेलर घेऊन माणसं येतात, पाचटाच्या गाठी बांधून नेतात, बॉयलरला जातं म्हणतात. पेटवण्यापेक्षा हे शंभरदा बरं. पण पाचट ही चिपाडासारखी कारखान्यात गोळा झालेली वस्तू नाही, ती रानात पसरलेली आहे आणि तिथे तिला काम आहे. मागच्या वर्षी आम्ही अर्धं रान बेलरला दिलं. उरलेल्या अर्ध्यात खोडव्याच्या सरीत पाचट तसंच आच्छादून त्यावर युरिया, सुपर फॉस्फेट आणि कुजवणारे जिवाणू टाकले. एप्रिलमध्ये दोन्हीकडे पाणी एकाच दिवशी दिलं होतं. आठ दिवसांनी बेलर फिरलेल्या बाजूला जमिनीला भेगा होत्या. पलीकडे पाचट बाजूला सारून बोट खुपसलं तर माती पेरभर खोलीवर अजून गार लागत होती.